दोन भगवती आणि एक उचल

सक्तीच्या श्रमातून तयार झालेल्या मालाला बाजार बंद करणारा कायदा युरोपीय संघाने २०२४ साली केला. डिसेंबर २०२७ पासून तो लागू होईल. हा कायदा झाल्यापासून आपल्याकडच्या परिसंवादांत एक प्रवेश ठरल्यासारखा होतो: कुणी अर्थतज्ज्ञ उठतात, ‘हा मानवतेचा बुरखा घातलेला संरक्षणवाद आहे’ म्हणतात आणि टाळ्या घेऊन बसतात. परवा एक विद्वान त्याच्याही पुढे गेले. ‘आपला मजूर उचल घेतो ती राजीखुशीने. सक्ती आली कुठून?’ सभागृहात कुणी हूं की चूं केलं नाही, म्हणून हा लेख.

संरक्षणवादाचा आरोप अगदीच हवेतला नाही. अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यातलं कलम ३०७ सक्तीच्या श्रमाचा माल आत येऊ देत नाही. पण त्या मालाची गरज देशी उत्पादनातून भागत नसेल, तर येऊ द्यावा, अशी सवलतही त्यातच होती. स्पर्धा असेल तिथे विवेक जागा, टंचाई असेल तिथे गाढ झोपलेला! ही पळवाट बुजायला २०१६ साल उजाडलं.

म्हणून कायदा टाकाऊ ठरतो का? मुंबईच्या गिरण्यांचा धसका घेतलेल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनीच हिंदुस्थानात कारखाना कायदा व्हावा म्हणून जोर लावला आणि १८८१ साली तो झाला. हेतू स्वच्छ नव्हताच. तरी १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची सुट्टी मागितली. मँचेस्टरच्या मनात काय आहे याची चौकशी करायला त्यांना सवड नव्हती.

या वादातले दोन्ही पक्ष एकाच घरात सापडतात, हे आपल्या विद्वानांच्या ध्यानात येत नाही. अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी व्यापार करारांत कामगार हक्कांची अट घुसडायला जन्मभर विरोध केला. १९९६ साली सिंगापूरच्या जागतिक व्यापार परिषदेत भारताची भूमिकाही तीच होती. जगदीश यांचे थोरले बंधू न्यायमूर्ती पी. एन. भगवती. दिल्लीच्या एशियाड बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात त्यांनी १९८२ साली निकाल दिला, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबणारा माणूस संविधानाच्या अनुच्छेद २३ नुसार सक्तीचा श्रमिकच ठरतो. माणसाला साखळी बांधावी लागत नाही. भूक आणि दारिद्र्य ते काम करतात. ‘राजीखुशीने’ या शब्दाला तेव्हाच मूठमाती मिळाली. डॉ. आंबेडकरांनी हे त्याआधीच, १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मांडलं होतं: पोटाची चिंता असलेल्याला नोकरी आणि हक्क यांतून निवड करायला लावलं, तर तो हक्कांवर पाणी सोडतो. दोघा भावांमध्ये माझा कौल थोरल्याला.

आता विद्वानांची राजीखुशीची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, ऊसतोडीत जवळून पाहू. पावसाळ्यात घरात पैसा नसतो, तेव्हा मुकादम येतो आणि नवरा-बायको मिळून एका कोयत्याची उचल देतो. दिवाळीच्या सुमारास बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर फडाकडे निघतो. पाचटाच्या कोपीत संसार, अंधार असतानाच तोडणी, मग मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या. बाई आजारी पडून घरी राहिली की खाडा, म्हणजे दंड. हंगाम संपून पट्टा पडताना हिशेब फिटला नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या इतक्या मोठ्या संख्येने का काढल्या जातात, हे शोधायला २०१९ साली शासनाला समिती नेमावी लागली. पाळी आणि खाडा या दोन शब्दांचा संबंध त्या बायकांना समितीकडून समजून घ्यायचा नव्हता.

इथे मात्र धाकट्या भगवतींचे शिष्य मला अडचणीत आणतात. आपली बहुतेक साखर आपणच खातो. ती हॅम्बुर्गच्या बंदरात जातच नाही, तर तिथला अधिकारी तिला अडवणार कसा? महाराष्ट्रातल्या साखरेच्या संदर्भात २०२४ साली बड्या शीतपेय कंपन्यांची नावं अमेरिकन वृत्तपत्रात झळकली, तीही इथल्याच बाटल्यांत भरल्या जाणाऱ्या साखरेपायी. आणि समजा माल अडवला, तरी गोदी बंद झाली म्हणून बीडच्या माणसाची उचल फिटत नाही. तो मुकादमाचा देणेकरीच राहतो, वर त्याचं कामही जातं. परक्यांच्या कायद्याकडून मीच जरा जास्त आशा बाळगली होती. लोखंड्यांना निदान इथल्या गिरणीला लागू होणारा कायदा मिळाला होता.

तसा कायदा तर आपल्याकडेही आहे. चीनमधल्या शिनजियांगच्या मालाबाबत सक्ती नसल्याचं आयातदाराने सिद्ध करावं, असा कायदा अमेरिकेने २०२१ साली केला आणि जगभर त्याचं कौतुक झालं. पुराव्याचा भार असा उलटा टाकणं आपण १९७६ सालीच केलं आहे. वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कलम १५ नुसार एखादं कर्ज बिगारीचं आहे असं मजुराने किंवा दक्षता समितीने म्हटलं, की ते तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोची. कलम ६ नुसार असं कर्ज मुळातच रद्द.

कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. मुकादम उचलीला लागणारी रक्कम घरातून आणत नाही. ती कुठून येते, याचा शोध एखाद्या जिल्ह्याच्या दक्षता समितीने मनावर घेऊन लावला, तर कलम १५ खाली उभं राहण्याची पाळी चेअरमनसाहेबांवर येईल. आणि चेअरमनसाहेब बऱ्याचदा आमदारही असतात.