घोटाळ्याची बातमी आणि आमची गीबत

खेळात घोटाळा उघडकीस आला की त्या खेळाचा धंदा बुडतो, असा आमचा समज होता. ७ एप्रिल २००० रोजी दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिये आणि सट्टेबाज यांच्यातले संभाषण जाहीर केले, तेव्हा आम्ही उर्दू शाळेतली लहान मुले होतो. पुढे अझरुद्दीनचे नाव आले. गळ्यात ताईत, कॉलर वर केलेली, असा त्याचा फोटो मोहल्ल्यातल्या हज्जामाच्या दुकानात होता. तो उतरला. आपण अल्पसंख्याक असल्याने लक्ष्य होतो आहोत, असे अझर बोलून गेला आणि नंतर त्याने माफीही मागितली. पण आमची माणसे त्या एका वाक्याला चिकटून बसली आणि बाहेरची त्याच वाक्यावरून आमच्या इमानाची झडती घेऊ लागली. डिसेंबर २००० मध्ये त्याच्याबरोबर अजय शर्मालाही आजन्म बंदी झाली होती, याची आठवण दोघांनाही नको होती.

आणि धंदा? मार्च २००१ मध्ये कोलकात्याचे ईडन गार्डन्स खच्चून भरले होते.

वृत्तपत्रांनी गप्प बसावे असे आम्ही म्हणणार नाही. अन्याय उघड करण्यासाठी बोलणे ही गीबत नव्हे, हे आमचे मौलवीही सांगतात. पण उघड झालेली गोष्ट दिवसभर चघळत राहणे, मध्ये साबणाची आणि मोटारसायकलची जाहिरात दाखवणे, याला काय म्हणावे? बदनामी हाही विकायचा माल झाला आणि त्याचे गिऱ्हाईक आम्हीच.

मे २०१३ मध्ये आयपीएलमधल्या तीन खेळाडूंना अटक झाली. त्यांतला अंकित चव्हाण मुंबईचा. लग्नासाठी त्याला न्यायालयाने जामीन दिला, तर त्या लग्नाचीही बातमी झाली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले, पण मंडळाने बंदी उठवली नाही. त्याच महिन्यात पदाधिकाऱ्यांच्या सट्टेबाजीवरून चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाले. चेन्नई २०१८ मध्ये परतली आणि त्याच वर्षी विजेतीही ठरली. प्रक्षेपणाचे हक्क २०१७ मध्ये पाच वर्षांसाठी १६,३४७ कोटींना गेले होते, ते २०२२ मध्ये ४८,३९० कोटींवर पोहोचले. चव्हाणची बंदी मंडळाने २०२१ मध्ये सात वर्षांवर आणली, तेव्हा ती सात वर्षे केव्हाच सरून गेली होती.

अझरवरची बंदी कायद्याला धरून नाही, असा निकाल आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये दिला. त्याने काही केले होते की नव्हते, हा प्रश्न तरीही उरतोच. पण बारा वर्षांपूर्वी रात्र रात्र टीव्हीपुढे बसून त्याचा हिशेब मांडणारे आम्ही, त्या दिवशी ती बातमी वाचून पेपर घडी करून ठेवला. हज्जामाच्या दुकानातही कुणी विषय काढला नाही.