माहीत असण्याची किंमत

जुनी ब्रिटिश रेसिंग सायकल विकत घ्यायला गेलात, तर आधी सीटखालचा दांडा उपसून त्याचा व्यास मोजा. ज्या नळीत तो बसतो तिचा बाहेरचा व्यास ठरलेला, २८.६ मिलिमीटर. त्यामुळे नळीची भिंत जितकी पातळ, तितकी आत जागा जास्त. दांडा २७.२ भरला तर फ्रेम बहुधा चांगल्या, पातळ भिंतीच्या पोलादाची आहे. २५.४ च्या आसपास भरला तर नळ्या साध्या आणि जाड, मग स्टिकर काहीही सांगो. स्टिकर आज नवंकोरं छापून मिळतं. व्यास छापून मिळत नाही.

मी बर्मिंगहॅममध्ये राहतो आणि पोटासाठी कोड लिहितो. डिग्री मात्र पुण्यातली, मेकॅनिकलची. ती आजवर मला नोकरीत एकदाही उपयोगी पडलेली नाही, पण या छंदात रोज पडते. ज्या स्टिकरवर जुन्या सायकलींचे शौकीन जीव टाकतात, त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध याच शहरातलं आहे: रेनॉल्ड्स ५३१. मँगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेलं हे पोलाद १९३५ साली बाजारात आलं आणि पुढे कित्येक दशकं चांगल्या रेसिंग सायकली त्याच्याच बनत राहिल्या. नळी टोकांना जाड, कारण तिथे जोड येतो; मधे पातळ, कारण तिथे ताण कमी. आपल्याकडच्या दूधवाल्याची काळी सायकल उचलताना कंबर धरते. ही एका हातानं उचलून जिना चढता येतो.

व्यासानंतर बाकीची तपासणी. हँडलच्या मागे खालच्या नळीवर बोट फिरवायचं. तिथे फुगवटा किंवा रंगाला सुरकुती लागली, तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. मागच्या चाकाच्या एका बाजूपासून दोरा पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. फरक पडला तर फ्रेम वाकडी. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत वर्षानुवर्षं गंजून चिकटला असेल, तर भाव निम्म्यावर आणा किंवा घरी जा.

इथपर्यंत सगळं मोजता येतं. खरी पंचाईत पुढे आहे. विकणारा म्हणतो, "एकदा चालवून तर बघा. आजकालच्या सायकलींना ही मजा नाही. पोलाद जिवंत असतं." आणि त्या 'जिवंत'पणाचे शंभरेक पौंड जास्त लावतो.

दुसऱ्या वर्षाला शिकलेला यंग्ज मॉड्युलस इथे आठवतो. पोलाद स्वस्त असो की महाग, त्याचा ताठपणा जवळपास सारखाच, साधारण २०० गिगापास्कल. महाग पोलाद जास्त मजबूत असतं. म्हणून नळी पातळ करता येते, सायकल हलकी होते आणि थोडी लवचीकही. पण त्रिकोणांनी बनलेली सायकलची फ्रेम उभ्या दिशेनं इतकी कमी दबते, की खड्ड्याचा धक्का खऱ्या अर्थानं पचवतो तो टायर. १९९० च्या दशकात एका अमेरिकन सायकल मासिकानं अँतोनियो मोंदोनिको या इटालियन कारागिराकडून सात फ्रेम बनवून घेतल्या होत्या. माप एकच, नळ्या मात्र कोलंबस कंपनीच्या सात वेगवेगळ्या प्रतींच्या, आणि कोणती फ्रेम कुठली हे चालवणाऱ्यांपासून लपवलेलं. स्वस्त कोणती, महाग कोणती, हे त्यांना खात्रीनं ओळखता आलं नाही.

मग जुन्या सायकलवर बसल्यावर लागतो तो मऊपणा खोटा का? अजिबात नाही. त्या सायकलींची दोन चाकांमधली लांबी जास्त असते, पुढचा चिमटा बारीक आणि पुढे वळलेला असतो, रुंद टायरला जागा असते. २३ मिलिमीटरचं दगडासारखं फुगवलेलं टायर काढून ३२ चं घाला आणि हवा कमी करा, तोच रस्ता वेगळा वाटेल. अनुभव खरा आहे. त्याचं श्रेय मात्र बहुतेक वेळा भलत्याच खात्यावर जमा होतं.

एवढं सगळं वजा केल्यावर उरतं ते काय? दहाएक किलो पोलाद, रबर, थोडं चामडं. चालवायला छान, पण शेदोनशे पौंडांच्या साध्या नव्या सायकलीपेक्षा फार वेगळी असेलच असं नाही. तरीही जाणकार तिला तीनशे देतात, कारण ती कोणी, कधी, कशी बनवली हे त्यांना माहीत असतं. म्हणजे जुन्या सायकलच्या किमतीतला मोठा वाटा माहितीचाच आहे. आणि ज्या वस्तूची किंमत माहितीनं बनते, तिच्या व्यवहारात एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, अशी वेळ येणारच.

माझ्यावर ती आली गेल्या वर्षी. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेवर चिठ्ठी होती: जुनी सायकल, चाळीस पौंड. पत्त्यावर सत्तरीच्या एक बाई. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, गॅरेज रिकामं करायचं होतं. दांडा सहज निघाला. २७.२. फ्रेम सरळ, बसायला ब्रुक्सची चामड्याची सीट, इथून जवळच्याच कारखान्यातली. मला समोर तीनशे पौंड दिसत होते. "उद्या सांगतो" म्हणून घरी आलो.

माझा फ्लॅटमेट सांगलीचा. तो म्हणाला, "तिनं चाळीस सांगितले, तू चाळीस दे. खोटं कुठे बोलतोयस? रात्र रात्र जागून जुने कॅटलॉग वाचलेस, ते काय फुकट?"

त्याची बाजू लेचीपेची नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही जवळपास हेच म्हटलेलं आहे. १८१५ साली न्यू ऑर्लिन्समध्ये ऑर्गन नावाच्या व्यापाऱ्याला ब्रिटनशी चाललेलं युद्ध संपल्याची बातमी इतरांआधी कळली. आता नाकेबंदी उठणार आणि तंबाखू महागणार हे ओळखून त्यानं १११ पिंपं तंबाखू जुन्या भावानं उचलला. काही विशेष बातमी आहे का, असं विकणाऱ्याच्या माणसानं विचारलंही होतं. १८१७ च्या निकालात न्यायालय म्हणालं, अशी बातमी सांगायला खरेदीदार बांधील नाही. फक्त त्यानं फसवणूक करता कामा नये.

त्याच्या कितीतरी आधी, इ.स.पू. ४४ मध्ये, सिसेरोनं याची उलटी बाजू मांडली होती. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्य घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याला ठाऊक आहे. सांगावं, की गप्प राहून चढ्या भावानं विकावं? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं. सिसेरो शिष्याच्या बाजूनं उभा राहतो.

मला दोघांचंही पटतं, पण वेगवेगळ्या ठिकाणी. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी मी कोणाला काही सांगायला बांधील नाही. तिथला विक्रेता माझ्या चपलांकडे बघून भाव ठरवतो. तो खेळ दोघांनाही येतो. तंबाखूचे व्यापारीही त्याच खेळातले. गॅरेजमधल्या बाई त्या खेळात नव्हत्याच. त्यांना फक्त जागा मोकळी करायची होती.

आणि माझ्या कष्टाचं म्हणाल, तर त्याची मजुरी मला मिळालेलीच होती. वाकड्या फ्रेमला मी फसत नाही. दहा भंगार सायकलींतून एक चांगली मला ओळखता येते. माझ्या अभ्यासाचं फळ ते. बाईंना भाव माहीत नसणं ही माझी कमाई कशी? चाळीसला सायकल घेतली असती, तर उरलेले दोनशे साठ पौंड मला त्यांच्या न कळण्यानं दिले असते, माझ्या कळण्यानं नव्हे.

जिवंत पोलादाच्या नावानं शंभर जास्त लावणारा विक्रेताही हेच करतो, फक्त दुसऱ्या टोकानं. तो गिऱ्हाइकाच्या न कळण्यावर नफा काढतो, मी बाईंच्या काढला असता. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत. मोल ज्याचं त्याचं असतं. नवऱ्याच्या सायकलचं त्या बाईंना असेल ते मला कधीच कळणार नाही. किंमत मात्र दोघांत ठरते, म्हणून ती दोघांनाही दिसायला हवी.

दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. बाईंनी मुलाला फोन लावला, बराच वेळ बोलल्या आणि दोनशे म्हणाल्या. मी दिले. "एकशे साठ पौंडांचं तत्त्वज्ञान," फ्लॅटमेट म्हणाला. त्या महिन्यात बाहेरचं जेवण बंद होतं, आणि स्वयंपाकाची पाळी आली की तो मला ते आठवणीनं ऐकवायचा.

सायकल आता मी रोज ऑफिसला नेतो. कालव्याकाठच्या ओबडधोबड वाटेवरून ती खरंच सुरेख चालते. त्यात पोलादाचा वाटा किती, ३२ च्या टायरचा किती आणि ५३१ ठाऊक असण्याचा किती, हे मला वेगळं करता येत नाही, आणि स्वतःपुरतं करायची गरजही वाटत नाही. उद्या विकायची झाली, तर घेणाऱ्याला व्यास मोजून दाखवीन, दोरा लावून दाखवीन, आणि टायर बदलल्यावर काय होतं तेही सांगीन. जिवंतपणाचं त्याचं त्यानं ठरवावं.