बाळ झोपलंय, वचन कोण देणार?

मुलाला न विचारता आपण त्याच्यासाठी काय काय करतो, याची यादी करू गेलं तर वही पुरायची नाही. नाव ठेवतो, टोपरं बांधतो, गुटी पाजतो, लस टोचून आणतो. शिवाय नाक कुणाच्या वळणावर गेलंय यावर त्याच्यादेखत भांडतो. तोवर कुणाच्या विवेकबुद्धीला काही टोचत नाही. बाप्तिस्म्याचा विषय निघाला, की मात्र घरात तत्त्वज्ञ उगवतात.

आमच्या घरचे तत्त्वज्ञ म्हणजे आमचे चिरंजीव. आम्ही साताऱ्याचे, सूनबाई सांगलीच्या. नातू तीन महिन्यांचा झाला आणि वाद सुरू झाला. विहीणबाई म्हणाल्या, पहिलं नातवंड, तेव्हा बाप्तिस्मा सांगलीतच. आमची ही म्हणाली, घराणं साताऱ्याचं, तेव्हा इथंच. दोन गावांत अंतर सव्वाशे किलोमीटर. दोन आज्यांत त्याहून जास्त पडलं. मग कंदी पेढे की भडंग, हा पोटवाद. धर्मपिता म्हणून सांगलीच्या मामांचं नाव पुढं आलं, कारण त्यांच्याकडे मोटार आहे.

एवढ्यात चिरंजीव शांतपणे म्हणाले, "बाबा, मी चर्चला जातो वर्षातून एकदा, नाताळात. पाळकसाहेब विचारणार, याला विश्वासात वाढवाल का? मी 'हो' म्हणू? देवासमोर थाप मारू? त्यापेक्षा मोठा झाला की त्याचं तो ठरवील."

हिनं डोळ्यांना पदर लावला. तत्त्वज्ञानाला पदरानं उत्तर द्यायचं नसतं. पण घरोघरी तेच दिलं जातं.

मी म्हणालो, "अरे, मराठी तरी तुला कुठं विचारून शिकवली? तू भाषा निवडेपर्यंत थांबलो असतो, तर आज हा वाद घालायला तुला तोंड नसतं." उत्तर मला फक्कड वाटलं. रात्री अंथरुणावर मात्र ते जरा लंगडं दिसू लागलं. मराठी शिकवताना मी कुठं शपथ घेतली होती? इथं तर वचन द्यायचं आहे.

बरं, श्रद्धा ही ज्याची त्यानं ठरवायची गोष्ट, हे आपल्याकडे जुनंच आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षं त्यांनी स्वतःची स्वतः काढली. नवऱ्यानं घेतला म्हणून घेतला नाही. पुढं १९१७ मध्ये टिळकांनी आमच्या साताऱ्यातच 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. थोडक्यात, आमच्या चिरंजिवांची सोय गावानं आधीच करून ठेवली होती.

एवढंच कशाला, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हाही हा प्रश्न होताच. काही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे, काही मोठेपणीच देणारे. त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या. बाळाला बाप्तिस्मा द्या आणि मोठेपणी त्याच्या तोंडून कबुली घ्या. नाहीतर आज समर्पण करा आणि बाप्तिस्मा त्याच्या मर्जीनं पुढं. विद्वानांचं जमलं, आज्यांचं जमायचं राहिलं.

विचार करता करता माझ्या ध्यानात आलं, की आम्ही सगळे नको त्या टोकाला धरून ओढतोय. बाळाला बांधण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा आमचा वाद. पण बाळ काही वचन देतच नाही; ते झोपलेलं असतं. फार तर डोक्यावर पाणी पडल्यावर तेवढ्यापुरतं निषेध नोंदवतं. वचन देतात आईबाप आणि धर्मपिता-धर्ममाता. समर्पण केलं तरी मुलाला वाढवायची जबाबदारी काही टळत नाही. म्हणजे बांधून घ्यायचं ते आपण. आणि आईच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी दिलेलं वचन पोराला पुरत नाही. पोरं घरातला खोटेपणा अक्षरओळखीच्या आधी वाचतात.

चिरंजिवांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग मला विचार करायला वेळ द्या." दिला. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली. याला पाच महिने द्यायला काय हरकत?

दोन्ही आज्या नाराज आहेत. त्या निमित्तानं का होईना, एका बाजूला आल्या. धर्मपित्याची निवड मी पुन्हा काढली आहे. मोटारीची अट रद्द. पंधरा वर्षांनी पोरगं 'आजोबा, देव आहे कशावरून?' असं विचारत निघालं, तर ज्याच्या दारात न भिता जाईल, असा माणूस हवा. मामा बसतील त्यात, नाही असं नाही. पण मग त्यांनाही विचारलं पाहिजे. बाळासारखं त्यांनाही अजून कुणी विचारलेलं नाही.