उपचारानंतरचा थकवा

१९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तेव्हा कर्करोगातून वाचणं हीच मोठी गोष्ट होती. आज बरे झालेले अनेकजण आपल्यात वावरतात.

कर्करोगावरची केमोथेरपी झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. केसांची मुळं, तोंडातलं अस्तर, रक्त तयार करणाऱ्या पेशीही त्यात सापडतात. केस बहुधा परत येतात. थकवा मात्र उपचार संपल्यावरही अनेकदा महिनोन्‌महिने रेंगाळतो, झोपेनंही जात नाही.

नेमकं तेव्हाच घरचे मायेनं विचारतात, “आता बरी आहेस ना?” मग ‘हो’ म्हणावंच लागतं. त्यापेक्षा “आज काय जमेल?” असं विचारू या. डॉक्टरांच्या सल्ल्यानं थोडं चालणं, हवी तेव्हा विश्रांती आणि ‘आज नको’ म्हणायची मोकळीक: यातली शेवटची गोष्ट घरच्यांनीच द्यायची असते.