पहाटेचे शेंडेनक्षत्र



ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात युवक मंडळाची तीन मुले पहाटे साडेचारला आमच्या दारात हजर झाली. "फादर, धूमकेतूचा फोटो काढायला चला!" आपले जुने लोक ज्याला शेंडेनक्षत्र म्हणत, तो हा पाहुणा. नाव त्सुचिनशान-अ‍ॅटलास. २७ सप्टेंबरला सूर्याच्या सर्वांत जवळून वळसा घालून तो परत निघाला होता. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धुळीचा गोळा. सूर्याच्या उष्णतेने बर्फाची वाफ होते, धूळ सुटते आणि त्याची शेपटी उजळते.

शेताच्या बांधावर पूर्वेकडे तोंड करून आम्ही उभे राहिलो. क्षितिजाजवळ डोळ्यांना एक पुसट डाग दिसला, एवढेच. कॅमेरा हातात धरून काढलेले फोटो हलले. मग एका मुलाने तो ट्रायपॉडवर घट्ट बसवला, बोटाचा धक्का लागू नये म्हणून टायमर लावला आणि शटर दहा सेकंद उघडे ठेवले. तेवढा वेळ पडदा काळाच होता. नंतर त्यावर लांब शेपटी उमटली! धूमकेतूचे तेज वाढले नव्हते. कॅमेरा स्थिर आणि उघडा राहिला, म्हणून प्रकाश साठत गेला.

परतताना आम्हाला आपल्या धर्मग्रामातील एक मावशी आठवल्या. त्यांच्या परवानगीने लिहितो. मिस्सानंतर त्या म्हणाल्या होत्या, "फादर, मुलाची दारू सुटावी म्हणून वर्षभर रोझरी म्हणते. वरून काहीच येत नाही. आता थांबू का?" तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते.

मावशी, थांबू नका. मुलगा अमुक दिवशी सुधारेल असे वचन आम्ही देऊ शकत नाही. पण शटर उघडे असते तेव्हा फोटो काढणाऱ्यालाही काही दिसत नाही. प्रकाश मात्र येतच असतो. तुमचे ते वर्ष रिकामे गेलेले नाही.

आणि आपण इतर? एकटे असतो तर त्या पहाटे आम्ही अंथरुणातून उठलोच नसतो. मुलांनी हाक मारली म्हणून गेलो. या आठवड्यात अशा एखाद्या दमलेल्या घरी संध्याकाळी जा. उपदेश करू नका. त्यांच्याबरोबर रोझरी म्हणा आणि शेवटी पाच मिनिटे शांत बसा.

प्रभू येशू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचे प्रमुख धर्मगुरू