काडतुसांचं वतन

आजा वारला. चुलत्याला घर, बापाला दोन शेळ्या, मला पत्र्याची पेटी. सूतगिरणीतनं रातपाळी करून आलो आणि पेटी उघडली. आत बारा बोअरची पितळी काडतुसं, एकोणीस, सगळी उडवून मोकळी झालेली. लाकडी ठोकणी. जळकी टोपी काढायचा खिळा. दारू मोजायचं पितळी माप. पुठ्ठ्याच्या चकत्या, नमद्याचे तुकडे, मेणाचा गोळा, तंबाखूच्या पिशवीत मूठभर छर्रे. दारू नव्हती, बरं झालं. बंदूकही नव्हती. ती आजाची कधी नव्हतीच.

आजा महार रेजिमेंटमधनं पेन्शनीवर आला आणि नान्नजकडच्या एका बागायतदाराकडं राखणीला लागला. बंदूक मालकाची, लायसन मालकाचं. आजाचं नाव त्याच्यावर राखणदार म्हणून चढवलेलं. रानडुकरं आली की हा रात्रीचा हवेत बार काढायचा. शेजारीच माळढोकाचं अभयारण्य, १९७९ पासनं. छर्रा हरणाला लागला असता तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आत कोण गेलं असतं, मालक? नवं काडतूस महाग. मालक म्हणायचा, "सुभेदार, जुनीच भरा की." आजा नाईक म्हणून सुटला होता. सुभेदार हे कौतुक की टिंगल, ते मला अजून उमगलं नाही.

मित्रांनो, भरणं म्हंजे काय ते सांगतो, कारण सगळा प्रश्न त्यातच आहे. जळकी टोपी मागनं ठोकून काढायची, नवी बसवायची. मापानं दारू ओतायची. त्यावर चकती, त्यावर नमदा, ठोकणीनं दाबायचं. मग छर्रे, वरनं पातळ चकती, कडेनं मेण. हात थरथरला, माप जास्त झालं, तर नळी फुटून बोटं जातात. भरणाऱ्याचीच जातात असं नाही, पण आमच्याकडं भरणारा आणि उडवणारा एकच व्हता. वाड्यातल्या कुणी या कामाला कधी हात लावला नाही. आजा म्हातारा झाल्यावर बंदूक वाड्यात गेली आणि पेटी आमच्या घरात राहिली.

वस्तीतली पोरं म्हणतात, जयंतीला मांडू, आपल्या लष्करी परंपरेची खूण आहे. त्यांचं चुकतंय असं मी एकदम म्हणत नाही. कोरेगावची लढाई १८१८ ची. त्याच सरकारनं १८९० नंतर महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. मग १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट. बंदूक द्यायची, काढून घ्यायची, गरज लागली की पुन्हा द्यायची.

पण ही पेटी पलटणीतली नाही. ही त्या राखणीतली आहे. गावची राखण, सांगावा, मेलेलं ढोर, हे सगळं बापाकडनं लेकाकडं यायचं आणि त्याला वतन म्हणायचे. त्याची शान वाटणारे आपल्यातही होते. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यावर बिल आणलं, तेव्हा ते वारशावरच घाव घालत होते. १९५८ च्या कायद्यानं वतन खालसा झालं. आमच्या घरी मात्र ते पेटीत बसून राहिलं.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेब मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात. पाळीवर साच्यापुढं उभं राहून मी आजाला त्यात बसवून बघतो. इच्छा मालकाची, गरज मालकाची, बोट आजाचं. शील कुणाचं मोडलं?

आणि मी तरी कुठला सोवळा? बिनधुराची दारू कापसापासनंच करतात, कापसावर नत्राम्ल चढवून. आमच्या खात्यातला झाडून काढलेला कापूस बारदानात भरून गाडीत जातो. पुढं त्याचं काय होतं, हे आम्ही कुणी कधी विचारलेलं नाही.

आई म्हणते, विहिरीत टाक. बाप म्हणतो, पितळ भंगारात चांगलं जाईल. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा म्हणजे नुसतं काडतूस नाही, त्याचे भाग आणि ते बनवायची यंत्रंही धरलीत. आपल्या वस्तीत अशी पेटी सापडली तर पंचनाम्यात काय काय लिहितील, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून ठाण्यात जमा करायचा अर्ज लिहिलाय. मालकाचं नाव लायसनपुरतं आलंय. पहिल्या ओळीत काडतुसं भरणाऱ्याचं नाव आहे, हुद्द्यासकट, नाईक. बुधवारी सुट्टी आहे. वकिली शिकणारा एक मित्र सोबत येतोय, पोहोच घेतल्याशिवाय हलायचं नाही असं ठरलंय.