खिळ्यावरची पहिली ओळ



आमच्या जयसिंगपूरच्या घरात पुढच्या खोलीच्या दारावर एक फ्रेम असायची. मॅटीच्या पांढऱ्या कापडावर लाल-हिरव्या दोऱ्यानं, फुलीच्या टाक्यात भरलेली एका ख्रिस्ती गीताची पहिली ओळ. ती आज्जीनं भरलेली. डॉ. वानलेस यांनी 1894 साली उभ्या केलेल्या मिरजेच्या मिशन दवाखान्यात आज्जी आया होती. सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळी परतायची, आणि हातात दोरा-सुई असायची. कापडाचा अंदाज चुकला, शेवटचा शब्द ओळीत मावला नाही. मग तो तिनं खाली, गुलाबाच्या बाजूला घेतला. शेजारच्या जैन काकूंच्या दारावर अशाच मॅटीवर दोन पोपट आणि ‘सुस्वागतम्’ होतं. दोघींच्या फ्रेममधले गुलाब एकाच नमुन्यावरून उतरवलेले.

आज्जी गेल्यावर घराला रंग द्यायला काढला. काच तडकली होती, कापड पिवळं पडलं होतं. मी ती फ्रेम रद्दीबरोबर भंगारात दिली. कुणी सांगितलं नव्हतं. मीच दिली. रंग वाळल्यावर दारावर फक्त खिळा उरला, आणि तो दिसला की पोटात कालवायचं.

तेव्हापासून मी अशा ओळींच्या जुन्या पाट्या जमवतो. आज अकरा आहेत. एक काचेची, मागून काळा रंग देऊन अक्षरांपुरती जागा मोकळी सोडलेली आणि तिथं चुरगळलेला चांदीचा कागद लावलेला. दिव्यासमोर धरली की अक्षरं चमचमतात. एक लाकडाची, तापल्या सळईनं अक्षरं डागलेली. एक प्लास्टरची, कडेनं गुलाबी फुलं, तिच्यावर इंग्रजी ओळ. एकीच्या पाठीवर ‘सप्रेम भेट’, वधूवरांची नावं आणि 1958 साल. ती हातात घेतली की नेहमी वाटतं, ही ज्या लग्नात दिली त्या लग्नाची पंगत कुठं बसली असेल?

ही रीत साता समुद्रापलीकडेही होती. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात बायका भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यावर लोकरीनं अशाच ओळी भरून भिंतीला लावत. माझ्या प्लास्टरच्या पाटीवरची ओळ हेन्री लाइट या इंग्लंडमधल्या धर्मोपदेशकाच्या ‘अबाइड विथ मी’ या गीताची. त्यानं ते लोकांपुढे ठेवलं ते 1847 साली, क्षयानं खंगलेला असताना, आणि त्याच वर्षी तो गेला. हे गीत गांधीजींचं आवडतं. दिल्लीत 29 जानेवारीच्या ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यात, 2022 साली वगळली जाईपर्यंत, लष्कराच्या बँडवर अनेक वर्षं वाजणारी धून याचीच. भंगारवाल्यानं मला ती पाटी किलोच्या भावात दिली.

पण माझा जीव अडकतो तो मराठी पाट्यांत. त्यांतल्या बऱ्याच ओळी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा. त्याआधी आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत परदेशी गीतांची भाषांतरं परदेशी चालींवर बरीच गायली जात. टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली, पेटी-तबल्यावर बसणारी भजनं दिली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं आमचं जयसिंगपूर वसवलं ते 1917 साली. त्याच साली टिळक मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडत होते. आमच्या सरळ आखलेल्या गल्ल्यांत घरं उठत होती आणि ती गीतं कंठाकंठातून या बाजूला येत होती. माझ्या मनात या दोन गोष्टी नेहमी एकत्र येतात.

एकदा घरउपासनेला मी ती डागलेल्या अक्षरांची पाटी घेऊन गेलो. मंडळीतल्या एका आज्जींनी ती मांडीवर घेतली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “कुणाचं घर मोडलं रं हे?” मग त्या गाऊ लागल्या. पाटीवर एकच ओळ होती, आज्जींना सगळी कडवी येत होती. मी गीतांचं पुस्तक उघडून बोट ठेवत गेलो. एक शब्द इकडचा तिकडं नाही. पण चाल वेगळी होती. रविवारी आम्ही गातो ती नव्हे. जात्यावर बसल्यासारखी, प्रत्येक चरणाच्या शेवटी दम घेणारी. “ही आमच्या आत्याची चाल,” त्या म्हणाल्या. “ती दळताना म्हणायची.”

मी चाल टिपून घेतली नाही. खिशात मोबाइल होता, तरी सुचलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या आज्जी गेल्या. आता शब्द पुस्तकात आहेत, ओळ माझ्या भिंतीवर आहे, आणि ती चाल मला पहिल्या दोन चरणांपुरतीच आठवते. तिसऱ्या चरणाला माझा सूर रविवारच्या चालीत जातो. कितीदा प्रयत्न केला, जातोच.

माझ्या संग्रहाला लोक छान म्हणतात. मला तो अपुरा वाटतो, कारण अकरा पाट्यांपैकी दहांबद्दल मला सांगता येत नाही की त्या कुणी केल्या आणि त्यांच्या घरात ही ओळ कशी गायली जायची. भंगारात पाटी मिळते, तिचं घर मिळत नाही.

म्हणून आज सकाळी एक विनंती. तुमच्या भिंतीवर आज्जीची, आईची अशी एखादी ओळ असेल, ख्रिस्ती गीताची, अभंगाची, आयतीची किंवा णमोकार मंत्राची, तर ती आज खाली उतरवा. धूळ पुसा. पाठीमागं पेन्सिलीनं लिहा, कुणी केली, कधी, कुठल्या गावात. मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा, त्यांना पुढची कडवी म्हणायला सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा. आणि हे रंगाऱ्याला बोलवायच्या आधी करा.